आटगावच्या मुलीचा जबाब

ता. ८ नोव्हेंबर १९३७, सोमवार. शहापूर.

दिवाळीनंतर कचेरी आज उघडली. अर्ज सहा लिहिले. बांधाचे तीन, वाटणीचे दोन, एक बैल हरवल्याचा.

दुपारी आटगावचा पोलीसपाटील एक मुलगी घेऊन आला. कालपासून स्टेशनच्या बाकाखाली बसून होती, कोणाची ते सांगत नाही. विटका परकर, एक चोळी, सोबत काही नाही. तळपायांना खडीच्या जखमा. म्हणजे रुळांच्या कडेने चालत आली, गाडीने नव्हे. हे पाटलाच्या ध्यानात आले नव्हते. मी दाखवून दिले.

मामलेदारसाहेबांनी विचारले. गप्प. शिरस्तेदारांनी दरडावून विचारले. गप्प. मी आवारात माझ्या घोंगडीवर बसून ऐकत होतो. न राहवून म्हणालो, "साहेब, बावीस वर्षे याच आवारात लोकांचे अर्ज-जबाब लिहितो आहे. दगडाचासुद्धा जबाब घेऊन दाखवीन."

साहेब हसले. म्हणाले, "मग हा दगड घरी घेऊन जा. २४ तारखेपर्यंत ठावठिकाणा लागला तर पालकांच्या ताब्यात देऊ. नाही लागला तर मुंबईच्या अनाथाश्रमात."

सौ.ला न विचारता घेऊन आलो. तिने मुलीकडे पाहिले, मग माझ्या हातातल्या दौतीकडे. "आधी जेवू दे तिला. तुमचा कागूद कुठं पळून नाय जात."

ता. ९, मंगळवार.

जबाब घेतला. माझी पद्धत ठरलेली आहे: नाव, बापाचे नाव, जात, वय, धंदा, राहणार. या सहा खुंट्या ठोकल्या की माणूस हलत नाही, पुढचे आपोआप येते. कोणी शिकवलेली नाही. शाळेत मी एक दिवस गेलो नाही. मोडी कचेरीच्या रद्दी कागदांवर शिकलो, बाळबोध त्यानंतर, कायद्याची कलमे वकिलांच्या मागे बसून.

वय सांगेना. तोंड उघडायला लावून दात मोजू लागलो. सौ. चुलीपासून म्हणाली, "बैल घ्याया गेलाव काय बाजारात?" मुलीने तोंड गच्च मिटले. बारा असावे. मागच्या दाढा फुटल्या आहेत.

तासाभराने बोलली. नाव चांगुणा. बाप मेला. राहणार उंबरमाळी, मामाकडे. मामाचे नाव सांगितले, घराची खूणही सांगितली: दारात शेवग्याचे झाड, बाजूला विहीर.

साहेबांनी पंधरा दिवस दिले, मला एक दिवस लागला.

ता. ११, गुरुवार.

काल उंबरमाळीस जाऊन आलो. खर्डीपर्यंत गाडीने, पुढे पायी. त्या नावाचा मामा नाही. शेवग्याची झाडे चार आढळली, पण त्यांपैकी एकाजवळही विहीर नाही. मुलगी कोणाची हरवलेली नाही. एक म्हातारा म्हणाला, "कुनाचीबी असंल तर द्या ना, आमच्याकडं पोरी थोड्या हायत काय?" सगळे हसले. मी नाही हसलो. पायाला काटा, धोतर फाटले.

आज सकाळी तिला पुढे बसवून खोट्या जबाबाचे परिणाम सांगितले. शिक्षा सांगितली, कलमासकट. ती माझ्या पायाच्या पट्टीकडे बघत होती. म्हणाली, "लई चाललाव?"



ता. १२, शुक्रवार.

दुसरा जबाब. आता नाव सोनी. उंबरमाळी नव्हे, मुरबाडच्या अलीकडचे एक गाव. बाप कोळसा भाजतो, आई आहे, दोन भाऊ आहेत. घर वडाखाली. हे सगळे न अडखळता सांगितले. डोळ्यांत पाणी आणून सांगितले.

सौ. म्हणाली, "वडाखाली घर नाय असं एक गाव सांगा मला मुरबाडपातूर."

तरी जाणार आहे. तपासल्याशिवाय खोटे म्हणणे हाही खोटेपणाच.

ता. १४, रविवार.

काल पहाटेच्या मोटारीने मुरबाड. गावात वड आहे, कोळसा भाजणारेही आहेत. सोनी नाही. असे होईल हे मला ठाऊक होते. ठाऊक असून गेलो.

मुक्काम कुसुमकडे. आमची एकुलती एक. दिली तेव्हा बारा वर्षांची होती, आता वीस. दोन मुले. लग्नाच्या वयाचा कायदा लागू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात लग्न उरकले होते, सगळे कायद्यात बसवून. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता.

भाकरी थापता थापता तिने सगळे विचारून घेतले. मी सांगितले: मुलगी पक्की लबाड आहे, रोज नवे सांगते.

कुसुम म्हणाली, "नाना, मीपण सांगायची."

"काय?"

"सासूबाईंना. पहिलं सहा महिने. आज पोट दुखतंय, उद्या अंगात ताप हाय, परवा नानांनी बोलावलंय म्हणून निरोप आलाय. रोज येगळं. एकदा तर सांगितलं की तुमी गेलात."

"मी गेलो म्हणजे?"

"मेलात. मंग तरी धाडतील म्हटलं घरी."

भाकरी उलटली तिने. हसत होती. मी विचारले, हे कधी बोलली नाहीस. म्हणाली, "तुमी दर येळी यायचात आनि पयलं काय विचारायचात? सासरी वागणूक नीट आहे ना तुझी. त्याला काय सांगू?"

नातू मांडीवर झोपला होता म्हणून उठलो नाही. नाहीतर उठून ओट्यावर गेलो असतो.

ता. १४, सायंकाळ. शहापूर.

परत आलो. तिसऱ्यांदा बसलो. सवयीने कागद दुमडून समास सोडला. मी तोंड उघडण्याआधी ती घडाघडा सुरू झाली: "नाव पारू, बापाचं नाव गोमा, वय वर्सं बारा, धंदा मजुरी, राहणार—" आणि इथे थांबून विचार करू लागली, आता कुठले गाव द्यावे.

सौ. पदर तोंडाला लावून आत पळाली. मुलीला कळेना, तिचे काय चुकले.

टाक खाली ठेवला. कागद तसाच राहिला, समासासकट.

ता. १५, सोमवार.

आज काही विचारले नाही. विचारायचे नाही असे ठरवूनच.

कठीण जाते. ती समोर आली की सहा प्रश्न ओठांवर येतात. सौ.बरोबर तिने अंगण सारवले. शेणाचा हात चांगला आहे, कडेला रेघ सरळ जाते. तेवढे म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिले आणि सारवलेले अर्धे पुन्हा सारवले, अधिक सरळ.

काय नावाने हाक मारावी? तीन नावे सांगून झालेली. सौ.ला विचारले. "मी तर 'गो' म्हणते. 'ये गो', 'जेव गो'. भागतंय की."

ता. १६, मंगळवार.

तुळशीचे लग्न. माझ्याकडून मोठी चूक झाली. सविस्तर उद्या. मुलगी सुखरूप आहे.

ता. १७, बुधवार.

क्रमाने लिहितो.

काल दुपारी वाटले, मुलीला जरा आनंद द्यावा. सौ.ने कुसुमचे जुने पिवळे लुगडे काढले, तिला चापूनचोपून नेसवले. वेणीत झेंडू. तुळशीला हळद लावली, उरलेली मुलीच्या हाताला लावली. करवली म्हणून. आमच्याकडे दरवर्षी कुसुमच असायची, ती गेल्यापासून शेजारची कोणीतरी. मी स्वतः म्हणालो, "आज हिला उभी करा." ऊस बांधला, अंतरपाट धरला, शेजारपाजारचे वीसेक लोक अंगणात. मी मंगलाष्टक म्हणायला सुरुवात केली. माझे पाठांतर चांगले आहे.

दुसऱ्या कडव्याला ती ओरडली. कसे ते लिहिता येत नाही. सौ.ने धरले तर मनगटाला चावली, रक्त आले. लुगडे सोडत, तुडवत परसातून पळाली. तुळशीचे लग्न लागायचेच राहिले. कोणी म्हणाले, "अंगात आलं." कोणी म्हणाले, "फेपरं हाय."

मागे खळ्यावर भाताच्या उडव्या रचलेल्या, झोडणी व्हायची आहे. सगळ्यांत उंच उडवीच्या माथ्यावर चढून भाऱ्यांत शिरली होती. चोळी-परकर आतून होता तेवढाच. लोक खाली जमले. शेजारचा महादू शिडी आणायला निघाला.

सौ. मनगट दाबून उभी होती. मला हळूच म्हणाली, "अवो, तिला वाटलं तिचंच लगीन लावताव."

हे मला समजायला हवे होते. हळद, पिवळे लुगडे, अंतरपाट, वीस माणसे, पुढे मी. बारा वर्षांच्या पोरीला, जिला घरातून पळून येऊन दहा दिवस झाले नाहीत. सहा खुंट्या ठोकणाऱ्याला एवढे दिसले नाही.

महादूची शिडी परत पाठवली. लोकांना घरी जा म्हटले. उडवीच्या बुडाशी बसलो. दिवस मावळत होता. वर बघून बोललो नाही, समोर बघून बोललो. "लग्न तुळशीचं होतं. तुझं नव्हतं. तुला न सांगता तुला उभं केलं ही माझी चूक. या घरात तुझं लग्न कोणी लावणार नाही."

पेंढ्याची सळसळसुद्धा नाही.

"उतरू नकोस. तुला हवं तोवर बस. मी इथे आहे."

असा बसलो. किती वेळ ते नक्की सांगता येत नाही, घड्याळ घरात होते. पाठीत भाताची कुसळे गेली. एकदा वाटले आता विचारावे, ही वेळ आहे, जबाब असाच पिकतो. जीभ दातांखाली धरली.

मग वरून आवाज आला. "ज्याला देतायत त्याला दोन पोरं हायत. मोठा माज्याएवढा हाय."

मी हूं म्हटले.

"चुलता बोलला, तुळशीचं लगीन झालं की तुझं लावू."

हूं.

"मी नाय म्हनली. चुलती बोलली, नाय म्हनतंय कोन, तोंड हाय म्हून काय पन बोलायचं?"

आणखी बोलली. आईबाप हिवतापाने एकाच पावसात गेले. चुलत्याकडे तीन वर्षे. मारीत नाहीत, हे तिने दोनदा सांगितले, जणू त्याचीही बाजू सांगायची राहून जाऊ नये. गाव सांगितले. नाव सांगितले. मी न विचारता.

सौ. मनगटाला फडके बांधून वरण-भाताची ताटली घेऊन आली. "ये गो. चावलीस तर चावलीस. मीठ कमी होतं काय?"

वरून हसू आले की रडू ते कळले नाही. उतरली.

तिचे खरे नाव व गाव इथे लिहीत नाही. ही वही कोणाच्या हाती पडणार नाही, तरीही.

ता. १९, शुक्रवार.

आता माझी अडचण.

नाव-गाव कळले. ते लिहिले तर कायदेशीर पालक चुलता. त्याच्या ताब्यात. पुढच्या मुहूर्तावर लग्न. बालविवाहाचा कायदा आहे, चौदाच्या आत गुन्हा आहे, हे मला ठाऊक. फिर्याद कोण करणार? आणि केली तरी पोर त्याच घरात राहणार, फिर्याद केलेली पोर म्हणून.

न लिहावे तर मुंबई. तिथे तिला खायला मिळेल, अक्षरही शिकवतील. पण हिने रुळांच्या कडेने आटगावपर्यंतच चालून पाहिले आहे, मुंबई हिला परकी.

आणि तिसरे, खोटे नाव-गाव लिहायचे. बावीस वर्षांत कोणाच्या अंगठ्याच्या वर मी खोटे अक्षर लिहिलेले नाही. लोक म्हणतात, नानांचा कागद म्हणजे कागद. त्यावरच मी उभा आहे. बाकी काय आहे माझ्याजवळ?

आज साहेबांनी जाता जाता विचारले, "काय, दगड बोलला का?"

"बोलतो आहे साहेब. पुरा व्हायचा आहे."

हे खोटे नाही. पण पूर्ण खरेही नाही, आणि मी ते बोलताना जमिनीकडे पाहिले.

ता. २०, शनिवार.

सौ.शी बोललो. ती म्हणाली, "आपल्याकडं ठेवा." मी म्हटले, कायद्याने आपण कोण? "कायद्यानं कुसुमचे तुमी बाप व्हता ना? मंग?" 

नंतर मुलीलाच विचारले. असे मी आजवर कोणा मुलाला विचारले नव्हते. "मी कागदात काय लिहू?"

खूप वेळ शेंगा सोलत राहिली. "तुमी खोटं लिवत नाय?"

"नाही."

"मंग खोटं नका लिवू." शेंग. "माजं नाव पन नका लिवू."

"दोन्ही कसे जमेल?"

"तुमाला येतंय की लिवता. मला कुठं येतंय."

सौ. हसली. मलाही हसू आले. नुसते विचारल्याने काही सुटत नाही. तरी विचारल्यापासून ती घरात वेगळी चालते. पायांचा आवाज येतो. आधी येत नव्हता.

ता. २२, सोमवार.

अक्षर बिघडले आहे.

दुपारी घोंगडीपुढे एक माणूस येऊन बसला. चाळिशीचा. पाय टाचेपर्यंत फुटलेले, डोक्याला मळके फडके. "काका, अर्ज लिवायचा. पुतनी हरवलीय."

टाक बुडवला. सवयीने. नाव विचारले. त्याने तेच नाव सांगितले. गाव तेच.

आवारात अर्ज लिहिणारे आम्ही दोघे. तो दुसऱ्याकडे गेला असता तर मला कळलेही नसते.

तोंडावर काही दिसू दिले नाही. लिहिलेही नाही. मनात पहिल्यांदा आले, याला खडसावावे, कलमासकट. त्याच्या पायांकडे पाहिले. हे पायही चालूनच आले होते.

"किती दिवस शोधता?"

"पोर नाय दिसली तवापासून पाय थांबला नाय. कसाऱ्यापातूर गेलो. हिरी बघितल्या. सगल्या हिरी." विहिरींचे सांगताना डोक्याचे फडके सोडून त्याने डोळे पुसले.

"लग्न ठरले होते का?"

"सुपारी फुटलीय. मानूस वाईट नाय, काका. दारू नाय पीत. शेत हाय. माज्या तीन पोरी हायत, ही चौथी. माज्या भावाची. मी तिचं वाईट कशाला करीन?"

"तिला विचारलेत?"

"पोरीला कोन इचारतंय?" मग माझ्याकडे बघून, "तुमी इचारलं व्हतं काय तुमच्या पोरीला?"

त्याला काही ठाऊक नव्हते. सहज बोलला.

"नाही," मी म्हणालो. "विचारले नव्हते."

आजूबाजूला कचेरीचा गलबला. मग टाक ठेवून सांगितले: मुलगी सुखरूप आहे. माझ्या घरी आहे. जेवते, झोपते, पाय बरे झाले आहेत.

तो बसल्या जागी पुढे वाकला, कपाळ माझ्या घोंगडीला लागले. पुष्कळ वेळाने उठला. "न्हेतो मी तिला."

"आज नाही. आधी तिला विचारतो. ती हो म्हणाली तर समोर बसवतो. घेऊन जायचे की नाही ते त्यानंतर."

"आन् नाय म्हनली तर?"

"तर तुम्ही आणि मी बसू. लग्नाचे बोलू."

"तुमी कोन बोलनार?" रागावला. योग्यच. मी कोणी नाही. पण उठून गेला नाही. अर्ज लिहिलेला नव्हता म्हणून असेल, किंवा दुसरे काही. रात्रीपुरता धर्मशाळेत उतरला आहे.

घरी येऊन मुलीला सगळे सांगितले, काही वगळले नाही. विहिरी बघितल्या तेही. भेटशील का, ते विचारले. ती ऐकत राहिली. "रागाव व्हता?"

"माझ्यावर. तुझ्यावर नाही. रडला."

"चुलता? रडला?" विश्वास बसेना. "भेटलं तर न्हेतील."

"नेणार नाहीत. उद्या नाही. मी मधे बसेन."

"आनि परवा?"

परवा २४ तारीख. म्हणालो, "परवाचे मला माहीत नाही." खोटे सांगता आले असते. तिला कळले असते.

ती उठून आत गेली. मी पुन्हा विचारले नाही.

ता. २३, मंगळवार. सकाळ.

साहेबांना अजून काहीच कळवलेले नाही. उद्या कळवावे लागेल, आणि काय ते आज दुपारपर्यंत ठरेल, किंवा ठरणार नाही.

चुलता उजाडताच आला. ओट्यावर बसला आहे. सौ.ने चहा दिला, त्याने बशी दोन्ही हातांत धरली आहे, पीत नाही. मी त्याच्यासमोर बसून हे लिहितो आहे. त्याने विचारले, "काय लिवताव?" म्हणालो, "माझे स्वतःचे."

आत भांड्यांचा आवाज होता, तो थांबला.

दारात आली आहे. उंबऱ्याच्या आत. परकर धुतलेला, हात ओले. चुलत्याने मान वर केली. बशीतला चहा सांडला. मी सरकून ओट्यावर जागा केली, दोघांच्या मधे.

ती उभी आहे. मी तिला बोलावलेले नाही.